जॉबकीपर वेतन अनुदान योजना

कोविड-१९ च्या मंदीत नोकऱ्या टिकाव्यात म्हणून ऑस्ट्रेलियाच्या संघराज्य सरकारने ३० मार्च २०२० रोजी जाहीर केलेली योजना. उलाढाल घटलेल्या मालकांना प्रत्येक पात्र कर्मचाऱ्यामागे पंधरवड्याला १,५०० डॉलर मिळत. मुदत सप्टेंबरअखेर संपणार होती. मेलबर्न पुन्हा टाळेबंदीत असताना, जुलैमध्ये, ती २८ मार्च २०२१ पर्यंत वाढवण्यात आली. रक्कम मात्र १,२०० आणि जानेवारीपासून १,००० डॉलरवर आली, अर्धवेळ कामगारांना त्याहून कमी. वाढीव काळात प्रत्यक्ष घट दाखवावी लागे. ही अट आवश्यकच होती, कारण आधी केवळ अंदाजित घट पुरेशी असल्याने कमाई न घटलेल्या कंपन्यांनाही पैसा मिळाला. परदेशी विद्यार्थी आणि तात्पुरत्या व्हिसावरचे बहुतेक कामगार, त्यांत अनेक भारतीय, अखेरपर्यंत वगळलेलेच राहिले. हा योजनेतील सर्वांत मोठा अन्याय. एकूण खर्च सुमारे ८९ अब्ज डॉलर.