ताळेबंदाबाहेरचे जंगल

सर जेम्स गोल्डस्मिथ हे नाव आपल्याकडे अनेकांनी पहिल्यांदा ऐकले ते १९९५ साली, इम्रान खानचे सासरे म्हणून. त्याआधी अटलांटिकच्या दोन्ही काठांवर या नावाने भल्याभल्या कंपन्यांच्या संचालकांना घाम फुटत असे. मला मात्र या गृहस्थांविषयी कुतूहल वाटले ते काडेपेटीमुळे.

१९८२ साली त्यांनी अमेरिकेतली डायमंड इंटरनॅशनल ही कंपनी ताब्यात घेतली. काड्यापेट्या आणि कागद हा तिचा जुना धंदा. काडीला लाकूड लागते, म्हणून कंपनीने पूर्वीच जंगले घेऊन ठेवलेली. ताळेबंदात मात्र त्यांची किंमत जुनीच, अगदी किरकोळ. बाजार शेअरचा भाव ठरवी तो कारखान्यांचा नफा पाहून. मागे उभ्या असलेल्या लाखो एकर झाडांकडे गोल्डस्मिथ यांचे लक्ष गेले. त्यांनी कारखाने एकेक करून विकले, जंगल ठेवले. १९८५ मध्ये क्राउन झेलरबाख या कागद कंपनीवर हाच डाव टाकला. मी कविता लिहिणारा माणूस, पण हा हिशेब मलाही कळतो.

१९८६ मध्ये ते टायरवाल्या गुडइयरकडे वळले तेव्हा ॲक्रन शहर खवळून उठले. अमेरिकी काँग्रेसच्या समितीत त्यांना जाब विचारणारे जॉन सायबरलिंग तर कंपनीच्या संस्थापकाचेच नातू! गोल्डस्मिथ यांनी माघार घेतली, पण आपले शेअर कंपनीलाच विकून, नऊ कोटी डॉलरहून अधिक नफा पदरात पाडून.

थोरले बंधू एडवर्ड यांनी १९७० सालीच ‘द इकॉलॉजिस्ट’ हे मासिक काढले होते. धाकट्याची पर्यावरणाची लढाई उशिरा सुरू झाली. १९९३ साली त्यांचे पुस्तक फ्रेंचमध्ये आले. इंग्रजीत ते ‘द ट्रॅप’. अणुवीज, रासायनिक शेती, गॅट करार यांच्यावर त्यात सडकून टीका आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा फुगतो आणि गावे उठून शहराच्या कडेला येतात, हे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे तेव्हा डंकेल प्रस्तावावरून रान पेटले होते. गंमत अशी की शेतकऱ्यांचे नेते शरद जोशी प्रस्तावाच्या बाजूने, आणि हा अब्जाधीश विरोधात.

मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या मालमत्तेला लागून १९९३ अखेर तेरा हजार हेक्टरचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. याला मी पश्चात्ताप म्हणणार नाही. ताळेबंदात न मांडलेले ओळखणारी नजर तीच होती. आधी तिला त्यात नफा दिसला, नंतर नुकसान दिसू लागले.

आणि डायमंडची जंगले? १९८७ साली गोल्डस्मिथ यांनी आपली फ्रेंच कंपनी विकली आणि पुढच्याच वर्षी ईशान्य अमेरिकेतली जवळजवळ दहा लाख एकर जंगले बाजारात आली. न्यू हॅम्पशायरमधले नॅश स्ट्रीमचे सुमारे चाळीस हजार एकर एका जमीन-व्यापाऱ्याच्या हाती गेले. राज्य सरकारने आणि संवर्धन संस्थांनी धावपळ करून ते त्याच्याकडून सोडवून घेतले. ‘द ट्रॅप’ यायला तेव्हा आणखी पाच-सहा वर्षे होती.