सुटीत बरे, कामावर दम

प्रतिनिधी

तीव्र ॲलर्जी असलेल्या नोकरदाराची अडचण दुहेरी असते. एकीकडे आजार, तर दुसरीकडे तो साहेबांना सांगावा की नाही हा प्रश्न. कंत्राटी नोकरीत दुसरी अडचण पहिलीपेक्षा मोठी ठरते. साहजिकच शिंका, खाज आणि दम लपवून काम रेटण्याकडे अनेकांचा कल असतो. वैद्यकीयदृष्ट्या मात्र हाच सर्वांत महाग पडणारा मार्ग होय.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये रूढ केला. कामातून जडणाऱ्या श्वसनविकाराची नोंद याहून कितीतरी जुनी आहे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात पिठाच्या धुळीत काम करणाऱ्या भटारी लोकांच्या खोकल्याचा व दम्याचा उल्लेख केला. बेकरीतील गव्हाचे पीठ, मोटारींना स्प्रेने रंग देताना उडणारे आयसोसायनेट, सुतारकामातील लाकडाचा भुसा, सोल्डरिंगचा धूर, ब्यूटी पार्लरमधील केसांचे ब्लीच, सोललेल्या कोळंबीचे तुषार ही आज ज्ञात असलेली काही कारणे. माळीकाम करणाऱ्यांना गाजर गवतापासून चेहऱ्यावर व मानेवर चिवट इसब होतो. या परदेशी गवताची आपल्याकडील नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली, हे अनेकांना ठाऊक नसते.

रुग्णालयांतील रबरी हातमोज्यांचे उदाहरण बोलके आहे. हातमोज्यातील पावडरीबरोबर रबराची प्रथिने हवेत पसरत आणि परिचारिकांना नुसत्या त्या खोलीत वावरण्यानेही त्रास होई. अमेरिकेने पावडरयुक्त हातमोज्यांवर जानेवारी २०१७ पासून बंदी घातली. नायट्राइलचे हातमोजे हा त्यावरचा सोपा पर्याय. रबराची ॲलर्जी असलेल्या काहींना केळे खाल्ल्यावरही तोंडाला खाज सुटते.

पुरावा नोकरीत असतानाच

एखाद्या पदार्थाविषयी शरीर संवेदनशील होण्यास काही महिने, कधी अनेक वर्षे लागतात. त्यामुळे ‘दहा वर्षे हेच काम करतो आहे, तेव्हा कसे काही झाले नाही?’ हा नेहमीचा प्रश्न निरर्थक ठरतो. शिवाय दम पुष्कळदा कामावर नव्हे, तर काही तासांनी, रात्री घरी लागतो आणि दोष घरातल्या धुळीवर जातो. खरी खूण वेगळी असते. सुटीत, गावी गेल्यावर बरे वाटते आणि कामावर परतल्यावर त्रास पुन्हा सुरू होतो.

हे आकड्यांत दाखवता येते. ‘पीक फ्लो मीटर’ ही जोरात फुंकण्याची साधी नळी असून ती औषधांच्या दुकानात मिळते. दिवसातून किमान चार वेळा, तीन-चार आठवडे, सुटीचे दिवस धरून नोंद ठेवली की कामाच्या दिवशी घसरणारा व सुटीत वर चढणारा आलेख डॉक्टरांसमोर ठेवता येतो. ही तपासणी नोकरी सोडण्यापूर्वी झाली पाहिजे. राजीनाम्यानंतर आलेख सरळ होतो आणि पुरावा हातचा जातो. निदान झाल्यावर मात्र दिरंगाई परवडत नाही. संपर्क जितका लवकर तुटेल तितकी दमा ओसरण्याची शक्यता अधिक. वर्षानुवर्षे लांबवल्यास काम सोडूनही दमा राहतो. एकदा संवेदनशील झालेल्याला अत्यल्प मात्राही पुरते, म्हणून नाकावर फडके बांधणे हा उपाय नव्हे. त्याच आस्थापनेत विभाग बदलून मिळणे सर्वांत हिताचे.

कामातील पदार्थांमुळे होणारा दमा १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत समाविष्ट होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. भरपाईचा मार्ग त्यामुळे खुला आहे. अन्नाच्या वा जन्मजात ॲलर्जीचे तसे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ॲलर्जीचा समावेश नसल्याने सवलत मालकाच्या समंजसपणावर अवलंबून राहते. हे बदलायला हवे.

डब्यातील धोका

पाकीटबंद खाद्यपदार्थांवर शेंगदाणे, दूध, अंडी, मासे अशा घटकांचा इशारा छापणे बंधनकारक आहे. शेजाऱ्याच्या डब्याला लेबल नसते. शेंगदाण्याचे कूट खिचडीत दिसते, पण कोशिंबिरीत किंवा वांग्याच्या रश्शात सहज लपते. अंगावर गांधी, ओठांना सूज, श्वास कोंडणे, चक्कर ही ‘ॲनाफिलॅक्सिस’ची लक्षणे काही मिनिटांत प्राण घेऊ शकतात.

यावर पहिले औषध ॲड्रिनॅलिनच; ॲलर्जीची गोळी येथे पुरी पडत नाही. ते मांडीच्या बाहेरील बाजूस, स्नायूत टोचतात. परदेशात मिळणारे तयार पेन आपल्याकडे सहजी मिळत नाही, त्यामुळे ॲम्प्युल व सिरिंज जवळ ठेवण्याबद्दल आणि ती वापरण्याबद्दल आपल्या डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्यावे. शेजारच्या टेबलावरील निदान दोघांना ते कोठे ठेवले आहे हे माहीत असावे, कारण झटका आलेल्याचे हात थरथरत असतात. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करावेत. श्वास घेणे जड जात असेल तर बसू द्यावे, पण उभे करून चालवू नये. इंजेक्शनने बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावेच लागते. लक्षणे काही तासांनी पुन्हा उलटू शकतात आणि तोवर रुग्ण एकटाच लोकलच्या गर्दीत असू शकतो.