बर्फावरचा बेल्ट: स्नोमोबाईलची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात दिवे घाटात माझ्या स्कूटरचा बेल्ट तुटला. इंजिन सुरू, मी ॲक्सिलरेटर पिळतोय, पण गाडी जागची हलत नाही. सासवडच्या मेकॅनिकनं कव्हर उघडून आतल्या चिंध्या काढल्या आणि म्हणाला, "बेल्ट अचानक तुटत नसतो साहेब, आधी सांगत असतो. तुम्ही ऐकलं नाही." आजचा भाग त्या वाक्यावरून सुचला. कारण तत्त्वानं हीच रचना बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाईलमध्ये असते, आणि तिथं बेल्ट तुटला तर सासवड जवळ नसतं.

गोष्ट सुरू होते कॅनडात, क्यूबेक प्रांतातल्या वालकूर गावात. जोसेफ-आर्मां बोंबार्डिये यांचा जन्म १९०७ चा. पंधराव्या वर्षीच त्यांनी जुनं फोर्डचं इंजिन आणि मागं पंखा लावून बर्फावर चालणारं वाहन बनवलं होतं. पुढं १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्यानं आजारी पडला. बर्फानं रस्ते बंद, इस्पितळ गाठता आलं नाही. मुलगा गेला.

१९३७ मध्ये त्यांना दातेरी चाक आणि ट्रॅकच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि सात माणसं बसतील अशी गाडी बाजारात आली. अशा गाड्यांतून डॉक्टर गेले, टपाल गेलं, शाळेची मुलं गेली. पण १९४० च्या दशकाअखेरीस क्यूबेकमधले ग्रामीण रस्ते हिवाळ्यातही साफ होऊ लागले आणि या मोठ्या गाड्यांची मागणी घटली. मग १९५९ मध्ये आली छोटी 'स्की-डू'.

आता अडचण बघा. मऊ बर्फात गिअर बदलताना क्षणभर जरी जोर तुटला, तरी ट्रॅक रुतणार. म्हणजे जोर न तोडता आपोआप बदलणारा गिअर हवा. त्याची युक्ती जुनीच होती. अमेरिकेत मिल्टन रीव्ह्ज यांनी १८७९ मध्ये लाकूड कापण्याच्या गिरणीसाठी वेग बदलणारी पुली केली होती. पुढं स्नोमोबाईलनं तेच तत्त्व घेतलं. १९८० च्या दशकात 'कायनेटिक होंडा'मधून ते आपल्या रस्त्यांवरही आलं.

यात दोन पुल्या असतात. प्रत्येकीच्या दोन तिरक्या तबकड्या, आणि मधे इंग्रजी व्ही आकाराचा रबरी बेल्ट. इंजिनाकडची पुली जोरात फिरली की तिच्यातली वजनं बाहेर फेकली जातात, तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीत तो तेवढाच आत उतरतो. झाला गिअर बदलून! चढावर ओझं वाढलं की मागच्या पुलीची स्प्रिंग आणि तिरकी खाच बेल्टला परत बाहेर ढकलतात.

मग हा बेल्ट आधी काय सांगतो? त्याची रुंदी मोजा. बऱ्याच यंत्रांत ती नव्यापेक्षा सुमारे ३ मिलिमीटरनं कमी झाली की तो बदलायचा. यंत्र उभं असताना बेल्टची वरची कड मागच्या पुलीच्या काठाशी किंवा किंचित वर हवी. खाली बसला तर सुरुवातच वरच्या गिअरमध्ये होते, बेल्ट घसरतो आणि तापतो. फार घट्ट असेल तर ॲक्सिलरेटर न देताही यंत्र सरकू लागतं. दोन्ही पुल्या एका रेषेत नसतील तर कडा एका बाजूनं झिजतात. तबकड्यांवरची काळी पूड पुसायची, पण तेल किंवा ग्रीस अजिबात नाही. रात्रभर उभ्या यंत्राचा ट्रॅक गोठून बसतो. तो आधी मोकळा केला नाही, तर बेल्ट एकाच जागी घासून जळतो. नवा बेल्ट पहिले काही किलोमीटर सांभाळून चालवायचा. तुटलाच, तर पुलीत अडकलेले सगळे तुकडे आणि धागे काढूनच दुसरा चढवायचा.

म्हणून जाणते लोक बॉनेटखाली एक जादा बेल्ट ठेवल्याशिवाय निघत नाहीत. वेळेवर पोचता यावं म्हणून जन्मलेलं हे यंत्र, आणि त्याचं पोचणं शेवटी रबराच्या एका पट्ट्यावर.

मी घरी आल्यावर सगळ्यात आधी स्कूटरची सर्व्हिसिंगची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली. तुमची कधी झाली होती, आठवतंय? चला, भेटू पुढच्या भागात.