फारकत : नोकरीतल्या शेवटच्या सहीचा इतिहास

१/ ‘फारकत’ म्हटले की आज काडीमोड आठवतो. जुन्या दप्तरांत मात्र या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक होता. येणे भरून पावलो, यापुढे माझा काही दावा उरला नाही, असे लिहून दिलेला कागद म्हणजे फारखत. अरबी-फारसीतले ‘फारिग-खत’ हे त्याचे मूळ. नोकरी सुटताना कामगाराकडून सही करून घेतला जाणारा हक्कसोडीचा कागद याच कुळातला आहे.

२/ या कागदातला सौदा सरळ असतो. मालक काही रक्कम देतो. बदल्यात कामगार लिहून देतो की या नोकरीसंबंधी कोणताही दावा मी न्यायालयात नेणार नाही. पण सही झाली म्हणजे सारे संपले काय? या प्रश्नावर अमेरिकेत जवळपास शतकभर झगडा चालला. आजच्या धाग्यात तीन कामगारांच्या तीन प्रकरणांतून तो पाहू आणि शेवटी मुंबईच्या गिरणगावात येऊ.

३/ पहिले प्रकरण रेल्वेचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी रेल्वेतले काम विलक्षण धोक्याचे होते. डबे जोडताना बोटे जात, हात जात, जीवही जाई. मालकाविरुद्ध दावा करावा, तर न्यायालयाचे जुने नियम आड येत. सोबतच्या कामगाराची चूक असेल तर मालक जबाबदार नाही. धोका ठाऊक असूनही काम पत्करले, म्हणजे धोकाही पत्करला, अशी ती विचारसरणी होती.

४/ याच काळात मोठ्या रेल्वे कंपन्यांनी मदत निधी उभारले. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने १८८० साली, पेनसिल्व्हेनिया रेल्वेने १८८६ साली. कामगाराच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली जाई, कंपनीही काही भार उचली. जखमी झाल्यास या निधीतून ठरलेले पैसे मिळत. सोय खरीच होती. तिच्या नियमांत मात्र एक अट असे : निधीचे पैसे स्वीकारले की कंपनीविरुद्धचा दावा संपला.

५/ ही अट कोणत्या क्षणी अमलात येई, ते लक्षात घ्या. माणूस अंथरुणाला खिळलेला, पगार बंद, घरात खाणारी तोंडे. निधीचे पैसे आज मिळणार. न्यायालयाचा निकाल कित्येक वर्षांनी, तोही बेभरवशाचा. अशा वेळी त्याने निवड केली असे म्हणणे कागदोपत्री बरोबर होते. शिवाय ज्या पैशांच्या बदल्यात तो हक्क सोडत होता, त्यांत त्याच्याच पगारातून कापलेली वर्गणी होती.

६/ तत्कालीन न्यायालये अशा अटींकडे बहुधा कराराच्या स्वातंत्र्याच्या चष्म्यातून पाहत. दोन सज्ञान माणसांनी करार केला, त्यात सरकारने नाक का खुपसावे, असा हा युक्तिवाद. १९०५ साली लॉक्नर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकरी कामगारांचे तास आठवड्याला ६० वर मर्यादित करणारा न्यूयॉर्कचा कायदा याच विचाराने रद्द ठरवला होता.

७/ त्यानंतर तीनच वर्षांनी, २२ एप्रिल १९०८ रोजी, रेल्वे कामगारांसाठी मालकाच्या दायित्वाचा संघीय कायदा झाला. त्याच्या पाचव्या कलमाने निधीच्या अटीवर नेमका घाव घातला : दायित्वातून सुटका करून घेण्याच्या हेतूने केलेला कोणताही करार, नियम वा युक्ती रद्दबातल. कंपनीने निधीत स्वतः भरलेला जो भाग कामगाराला मिळाला असेल, तेवढा भरपाईतून वजा करण्याची मुभा तिला ठेवली.

८/ या कलमाची कसोटी लागली ती शूबर्ट नावाच्या रेल्वे कामगाराच्या खटल्यात. तो निधीचा सभासद होता आणि जखमी झाल्यावर त्याने निधीचे पैसे घेतले होते. कंपनीचे म्हणणे, दावा तिथेच मिटला. शिवाय सभासदत्वाचा करार १९०८ च्या कायद्याआधीचा आहे. १९१२ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे दोन्ही मुद्दे फेटाळले. कायदा आधीच्या करारालाही लागू होतो आणि पैसे घेतल्याने दावा बुडत नाही, असा हा निकाल होता.

९/ याचा अर्थ हक्कसोड कायमची बेकायदा ठरली असा मात्र नव्हे. १९४८ साली कॅलन खटल्यात याच न्यायालयाने स्पष्ट केले की अपघात घडल्यानंतर, दायित्वाबद्दल खराखुरा वाद असताना, दोन्ही पक्षांनी केलेली तडजोड पाचव्या कलमाने रद्द होत नाही. हक्क आगाऊच काढून घेणे वेगळे आणि उद्भवलेला वाद मिटवणे वेगळे. ही भेदरेषा ध्यानात ठेवा.

१०/ दुसरे प्रकरण ब्रुकलिनमधल्या रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचे. त्याचे आडनाव ओनील. नोव्हेंबर १९३८ ते ऑगस्ट १९४० या काळात तो ब्रुकलिन सेव्हिंग्ज बँकेच्या नोकरीत होता. १९३८ सालीच रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत किमान वेतन आणि जादा कामाच्या मोबदल्याचा संघीय कायदा झाला होता. ठरलेल्या तासांपुढच्या कामासाठी दीडपट दर देणे त्याने बंधनकारक केले. मालकाने तो बुडवला, तर थकबाकी अधिक तितकीच नुकसानभरपाई, म्हणजे एकूण दुप्पट रक्कम, मागण्याचा हक्क कामगाराला दिला.

११/ ओनील जादा तास भरत होता. दीडपट दर त्याला मिळत नव्हता. त्याने नोकरी सोडल्यावर सुमारे दोन वर्षांनी बँकेने हिशेब केला आणि ४२३ डॉलर १६ सेंटचा धनादेश देऊ केला. सोबत हक्कसोडीचा कागद होता. ओनीलने सही केली, धनादेश घेतला आणि नंतर कायद्याने मिळणाऱ्या भरपाईसाठी दावा लावला.

१२/ गंमत पाहा : ४२३ डॉलर हे बँकेने उदार होऊन दिलेले जास्तीचे पैसे नव्हते. ती त्याची थकलेली मजुरी होती. आपलेच येणे उशिराने घेण्यासाठी त्याला दुसरा हक्क सोडावा लागला होता.

१३/ ९ एप्रिल १९४५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : ही हक्कसोड चालणार नाही. न्यायमूर्ती रीड यांच्या निकालपत्राचा गाभा असा. हा हक्क दिसायला एका माणसाचा असला, तरी तो संसदेने सार्वजनिक हितासाठी निर्माण केला आहे. कामगाराची सौदाशक्ती दुबळी आहे हे ओळखूनच कायदा झाला. त्याच दुबळेपणाचा फायदा घेऊन तो हक्क विकत घेऊ दिला, तर कायदाच पोकळ होईल. शिवाय कमी पैशांत कामगारांची तोंडे बंद करणारा मालक कायदा पाळणाऱ्या मालकावर बाजारात मात करील.

१४/ हा विचार मोठा होता, पण त्याने एक अडचण उभी केली. प्रामाणिक तडजोड करायची तरी कशी? १९४९ साली संसदेने वाट काढली. सरकारी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली थकबाकी पूर्ण चुकती झाली आणि कामगाराने ती मान्य केली, तर त्याचा दावा संपतो. म्हणजे हक्कसोड चालेल, पण त्या वेळी खोलीत तिसरे कुणी हजर हवे.

१५/ आता तिसरे प्रकरण. १९६७ साली अमेरिकेत वयावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीची यंत्रणा १९३८ च्या वेतन कायद्यातून उचलली होती. साहजिकच प्रश्न आला : ओनीलचा नियम इथेही लागू का? १९८० च्या दशकात बड्या कंपन्यांनी मुदतपूर्व निवृत्तीच्या योजना आणल्या, पन्नाशीतल्या माणसांपुढे पैशांचे आणि हक्कसोडीचे कागद एकत्रच ठेवले जाऊ लागले, तेव्हा हा प्रश्न हजारो घरांत पोचला.

१६/ न्यायालयांचा कल तडजोड मान्य करण्याकडे होता. १९८६ सालच्या एका गाजलेल्या खटल्यात हक्कसोड लिहून देणारा माणूस स्वतःच कामगार कायद्याचा जाणकार वकील होता. सही समजून-उमजून केली म्हणून ती त्याच्यावर बंधनकारक ठरली. पण प्रत्येक कामगार वकील नसतो. १९८७ साली समान रोजगार संधी आयोगाने देखरेखीविना हक्कसोड चालेल असा नियम काढला, तेव्हा संसदेने निधीच्या विधेयकांतून त्याची अंमलबजावणी रोखून धरली.

१७/ अखेर १६ ऑक्टोबर १९९० रोजी वयस्क कामगारांच्या लाभसंरक्षणाचा कायदा झाला. ‘समजून-उमजून’ म्हणजे काय, हे त्याने मोजता येईल असे लिहिले. कागदाची भाषा कळेल अशी हवी. कोणत्या कायद्याखालचा हक्क सुटतो ते त्यात नाव घेऊन लिहिलेले हवे. मोबदला आधीच देय असलेल्या पैशांहून अधिक हवा. सहीनंतर उद्भवणारे दावे त्यात येणार नाहीत. वकिलाचा सल्ला घ्या, असे लेखी सांगायला हवे. विचारासाठी २१ दिवस, सामूहिक कपात असेल तर ४५ दिवस. आणि सहीनंतरही ७ दिवस माघार घेण्याची मुभा.

१८/ सामूहिक कपातीत आणखी एक अट : कुणाला काढले, कुणाला ठेवले, त्यांची पदे आणि वये मालकाने लेखी द्यायची. कारण आपल्यावर अन्याय झाला की नाही, हे एकट्या माणसाला स्वतःच्या पत्रावरून कळत नाही. ते यादी पाहिल्यावर कळते.

१९/ डोलोरेस ऊब्रे लुईझियानातल्या किलोना येथील वीजकेंद्रात कामाचे वेळापत्रक आखणारी कर्मचारी होत्या. १९९४ मध्ये त्यांच्या कामाला खालचा शेरा मिळाला. १७ जानेवारी १९९५ रोजी वरिष्ठांनी दोन पर्याय दिले : वर्षभरात काम सुधारा किंवा पैसे घेऊन स्वेच्छेने बाहेर पडा. विचाराला मुदत १४ दिवस. त्यांनी वकिलांचा सल्ला घेतला आणि ३१ जानेवारीला सही केली. पुढच्या चार महिन्यांत सहा हप्त्यांत त्यांना ६,२५८ डॉलर मिळाले.

२०/ नंतर त्यांनी वयावरून भेदभाव झाल्याचा दावा लावला. कंपनीच्या कागदात तीन उणिवा होत्या : मुदत २१ ऐवजी १४ दिवसांची, माघारीचे ७ दिवस नाहीत, १९६७ च्या कायद्याचा उल्लेख नाही. कंपनीचा बचाव असा की कागद सदोष असेल, पण पैसे ठेवून घेतल्याने बाईंनी तो मान्य केला. दावा लावायचा तर आधी पैसे परत करा. खालच्या न्यायालयांना हे पटले.

२१/ २६ जानेवारी १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हा बचाव फेटाळला. न्यायमूर्ती केनेडी यांनी व्यवहारातली गोष्ट मांडली : नोकरी गेलेल्या माणसाने ते पैसे बहुधा खर्च केलेले असतात. परत करण्याची अट घातली, तर मालक मुद्दामच सदोष कागद करतील आणि सुटतील. भेदभाव झाला की नाही, हे या निकालाने ठरवले नाही; बंद झालेले दार तेवढे उघडले.

२२/ आता आपल्याकडे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कामगार कपातीचे प्रकरण घातले गेले : एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन. १९७६ साली मोठ्या कारखान्यांना कपातीसाठी वा टाळे लावण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची झाली. पण कपातीच्या व्याख्येतच एक अपवाद होता : कामगाराची स्वेच्छानिवृत्ती ही कपात नव्हे.

२३/ या अपवादाचे वजन गिरणगावाला कळले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप विरला, गिरण्या धापा टाकू लागल्या, १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट खुली केली आणि मागोमाग ‘व्हीआरएस’ ही तीन अक्षरे लालबाग-परळच्या चाळींत घरोघरी पोचली. यंत्रे थंड, पगार अनिश्चित, समोर एकरकमी पैसे. शूबर्टच्या अंथरुणापाशी होता, तोच हा प्रसंग.

२४/ भारतीय न्यायालयाने असमान सौद्याकडे डोळेझाक केली असे नाही. १९८६ साली ब्रजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बलाढ्य मालकाने कर्मचाऱ्यावर लादलेली अन्याय्य अट रद्द ठरवली होती. पण २००३ साली, ए. के. बिंदल खटल्यात, स्वेच्छानिवृत्तीचे पैसे घेतलेल्या सार्वजनिक खत कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना न्यायालयाने सांगितले की पैसे घेऊन बाहेर पडल्यावर मागच्या वेतनवाढीचा दावा उरत नाही. नाहीतर योजनेचा हेतूच फसेल.

२५/ ऊब्रे आणि बिंदल यांची सरळ तुलना करू नये. ऊब्रे यांचा हक्क कायद्याने दिलेला होता, बिंदल प्रकरणात वेतनवाढीची मागणी होती. तरी फरक बोलका आहे. अमेरिकी संसदेने त्या एका हक्कापुरते तरी लिहून ठेवले होते की सहीपूर्वी किती दिवस, कोणती माहिती आणि माघारीला किती वेळ द्यायचा.

२६/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी यात एक धडा आहे. दप्तरात फारखत सापडली की आपण लिहितो, ‘वाद मिटला.’ कागद तेवढेच सांगतो की सही झाली. ती कोणत्या दिवशी झाली, विचाराला किती वेळ होता, घरात तेव्हा किती महिन्यांचा पगार आला नव्हता आणि मोबदल्यातला किती भाग मुळात त्याचाच होता, हे इतरत्र शोधावे लागते. शूबर्ट, ओनील आणि ऊब्रे यांच्या बाबतीत न्यायालयाने ते शोधले, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. चाळीतल्या कागदांबाबत ते काम अजून बरेच उरले आहे. तुमच्या घरी आजोबांचा असा कागद असेल, तर तो जपा. आणि सांगणारे कुणी हयात असेल, तर त्या सहीचा दिवस कसा होता, ते आजच विचारून लिहून ठेवा.