गिरणगावातले गाव

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावी मराठी साहित्य शिकणाऱ्याला मुंबईचे गिरणगाव भेटते ते बहुधा नारायण सुर्वे यांच्या कवितेतून. ते गिरणगाव आता उरले नाही, एवढे आपण वर्गात सांगतो. ते कसे गेले, हे क्वचितच सांगतो. हा इतिहास वगळला, तर ते सारे साहित्य निव्वळ हळहळ म्हणून वाचले जाईल, अशी आम्हांस धास्ती वाटते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, वरळी, शिवडी या भागांत धुराडी उभी राहिली. माणसे आली ती मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून. पुरुष एकटा येई, गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत वळकटी टाकी, खानावळीत जेवे आणि उरलेले पैसे मनीऑर्डरने घरी धाडी. हे स्थलांतर एकदाच घडून संपलेले नव्हते. ती पिढ्यान्‌पिढ्यांची ये-जा होती. मालकांना ती सोयीची होती, कारण मंदीत बदली कामगाराला काम नाकारले तरी त्याचे पोट गावाच्या माथी जाई. कामगारालाही संपाच्या दिवसांत गावचाच आधार असे. गिरणगाव या शब्दातले ‘गाव’ असे दुहेरी होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा हा आधार अपुरा पडला. काही महिने तगवू शकणारी शेती वर्षानुवर्षे कुटुंब पोसू शकत नव्हती. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अनेक कामगार मात्र गिरणीत पुन्हा कधी परतले नाहीत.

यानंतर प्रश्न कापडाचा न राहता जमिनीचा झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आवारातल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली, त्यामुळे सार्वजनिक वाटा आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फिरवला. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला, कमला मिलमध्ये कार्यालये आली. ‘पुनर्विकास’ या शब्दातला ‘पुन्हा’ जमिनीला लागू पडला, माणसांना नाही. म्हाडाने २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली, तोवर संपाला तीस वर्षे होऊन गेली होती.

नियमावली चौरस मीटर मोजते. त्या हिशेबात कोण बसत नाही, हे पाहण्यासाठी साहित्याकडे जावे लागते. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या १९९७ च्या नाटकात संपानंतरचे एक चाळीतले कुटुंब आहे : एक मुलगा लेखणीला चिकटलेला, दुसरा टोळीच्या वाटेला लागलेला आणि या सगळ्यांना एकत्र धरू पाहणारी आई. संपाची झळ गिरणीच्या हजेरीपटावर नाव नसलेल्यांनाही कशी पोचली, हे तिथे कळते. खानावळी चालवणाऱ्या बायका अशाच. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना संघटित केले, म्हणून त्यांची निदान नोंद तरी राहिली.

तेव्हा सुर्वे आणि पवार शिकवताना नियमावलीचा तो इतिहासही शेजारी ठेवावा, एवढेच आमचे म्हणणे. ‘माझे विद्यापीठ’ हा संग्रह १९६६ चा. त्यातला कामगार कुठे गेला, या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला ‘काळ बदलला’ हे उत्तर पुरेसे नाही. काळ आपोआप बदलत नाही. जमिनीचे वाटे कोणीतरी ठरवलेले असतात.