डाव्या अलिंदाची पिशवी

पैनगंगेच्या दक्षिणेस पसरलेला आदिलाबादचा मुलूख 1905 साली निजामाच्या अंमलात जिल्हा झाला आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत त्याचा मराठीभाषक किनवट तालुका मुंबई राज्यात गेला. परंतु सरहद्द बदलली तरी हृदयशस्त्रक्रियेसाठी हैदराबादची सुमारे 300 किंवा नागपूरची सुमारे 200 किलोमीटरची वाट धरणे येथील रोग्याच्या कपाळी पिढ्यान्‌पिढ्या राहिले.

हृदयाच्या वरच्या कप्प्याचे, म्हणजे अलिंदाचे, जे अनियमित थरथरणे डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणून ओळखतात, ते आपल्याकडे पुष्कळदा एकटे येत नाही. बालपणीच्या संधिज्वराने द्विदल झडप अरुंद होते, तिच्यामागे डावे अलिंद फुगते, त्याची लय सुटते आणि त्यास लागून असलेल्या लहानशा पिशवीत रक्त साकळून गुठळी मेंदूकडे निघते. म्हणून या व्याधीवरील शल्यसाधनांचा इतिहास झडपेपासूनच सांगावा, असे मला वाटते. 1925 साली लंडनमध्ये हेन्री सौटर यांनी एका मुलीच्या याच पिशवीस छेद देऊन, धडधडत्या हृदयात बोट घालून, डोळ्यांना काही दिसत नसता केवळ स्पर्शाच्या भरवशावर झडप रुंदावली. त्या धैर्यापुढे मी आजही नतमस्तक होतो. पुढे 1949 मध्ये मॅडन या शल्यवैद्यांनी गुठळीचे ते घरच कापून काढले.

लयीवर शस्त्र धरले ते जेम्स कॉक्स यांनी, 1987 साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे: अलिंद ठराविक रेषांवर कापून पुन्हा शिवले की, शेतात बांध घालून पाणी वळवावे तसा, भरकटलेला विद्युत्प्रवाह व्रणांच्या मधल्या एका वाटेने नेता येतो. हे काम दीर्घ आणि रक्तस्रावाचे असल्यामुळे पुढे चिमट्यात भिंत धरून रेडिओलहरींच्या उष्णतेने, अथवा सळईच्या टोकाच्या तीव्र शीताने, तोच व्रण अल्पावधीत उमटविणारी साधने आली. पिशवीच्या मुळाशी बसून ती कायमची मिटविणारा चाप अमेरिकेत 2010 मध्ये मान्य झाला.

अन्य कारणाने हृदयशस्त्रक्रिया होत असलेल्या 27 देशांतील 4811 रुग्णांच्या 2021 सालच्या अभ्यासात, पिशवी बंद केलेल्यांपैकी 4.8 टक्क्यांना व न केलेल्यांपैकी 7.0 टक्क्यांना गुठळीमुळे पक्षाघात किंवा तत्सम अपाय झाला. मात्र त्यांतील बहुतेक रुग्ण रक्त पातळ ठेवणारे औषध घेतच होते. यांत्रिक झडप बसविलेल्या आदिलाबादच्या शेतकऱ्यास तर चाप लावूनही वॉर्फरिन हे असेच औषध चुकत नाही, आणि त्याची मात्रा ठरविणारी आयएनआर चाचणी वरचेवर करावी लागते. ती तालुक्याच्या दवाखान्यात नियमाने होणे, हा मी त्या शस्त्रक्रियेचाच भाग मानतो.