ड्रमर बरोबर होता का?

मेटल लावलं की आमच्या घरी "तो आरडाओरडा बंद कर आधी" एवढाच रिव्ह्यू मिळतो. त्यामुळे शनिवार-रविवार मी आणि माझा हेडफोन. गेले दोन वीकेंड एकाच बँडच्या मागे लागलोय, ब्लाइंड गार्डियन. पहिल्या अल्बमपासून ओळीने सगळं ऐकायचं ठरवलं आणि ऐकता ऐकता एकच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. 2005 साली यांचा ड्रमर बँड सोडून गेला, तो बरोबर होता की मागे राहिलेले तिघे?

तर मंडळी, सुरुवातीपासून. जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावात 1984 मध्ये काही पोरांनी 'लुसिफर्स हेरिटेज' नावाचा बँड काढला. असल्या नावाने दुकानदार आपल्याला ब्लॅक मेटलच्या कप्प्यात टाकतील अशी भीती वाटली, म्हणून नाव बदललं. हान्सी क्युर्श गायचा आणि बेसही वाजवायचा, आन्द्रे ओलब्रिश आणि मार्कुस झीपेन गिटारवर, थोमेन श्टाउख ड्रम्सवर. 1988 चा 'बटालियन्स ऑफ फिअर' म्हणजे निव्वळ वेग. हॅम्बुर्गच्या हेलोवीनने तेव्हा जर्मनीत हा वेगवान, सुरेल प्रकार गाजवला होता, आणि ही पोरं त्याच वाटेवर. पण त्या धावपळीतही एक गंमत आहे. 'बाय द गेट्स ऑफ मोरिया' या गाण्याविना असलेल्या तुकड्यात द्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिंफनीची धून आहे. म्हणजे पुढच्या तीस वर्षांचं बी तिथेच पडलं होतं!

1992 च्या 'समव्हेअर फार बियाँड'मध्ये 'द बार्ड्स साँग' आलं. साधी अकूस्टिक गिटार आणि आवाज, बस्स. कॉन्सर्टमध्ये हे गाणं हान्सीपेक्षा समोरचं पब्लिकच जास्त गातं. 1995 च्या 'इमॅजिनेशन्स फ्रॉम दि अदर साइड'साठी मात्र त्यांनी मेटालिकाच्या 'मास्टर ऑफ पपेट्स'चा निर्माता फ्लेमिंग रासमुसेन गाठला. इथे वेग आणि थर यांचा तोल बरोब्बर जमलाय. कुणाला एकच अल्बम ऐकायचा असेल तर मी हाच देईन.

मग 1998. टोल्किनच्या 'सिल्मरिलियन'वर बेतलेला 'नाइटफॉल इन मिडल-अर्थ'. 22 ट्रॅक, त्यात बरेचसे छोटे छोटे संवाद आणि जोडतुकडे. हान्सीने बेस खाली ठेवला आणि फक्त गाण्यावर लक्ष दिलं. मला विचाराल तर खरा बदल इथेच झाला. हात मोकळे झालेल्या गायकाने आवाजावर आवाज चढवायला सुरुवात केली. कोरसच्या मागे कोरस, त्याच्यामागे अजून एक.

2002 चा 'अ नाइट अॅट दि ऑपेरा' (हेच नाव क्वीनच्या 1975 च्या अल्बमचं, आणि क्वीनचा प्रभाव लपत नाही) म्हणजे या प्रकाराचं टोक. शेवटचं ट्रॉयच्या युद्धावरचं गाणं चौदा मिनिटांचं आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कुणीतरी अख्खा प्रोजेक्ट एकाच फंक्शनमध्ये लिहून ठेवलाय. सगळं चालतं, पण नक्की कुठे काय चाललंय ते कळत नाही. पाच-सहा वेळा ऐकल्यावर उलगडायला लागलं. तरी त्यात ड्रम्स शोधावे लागतात, हे खरंच.

थोमेनला नेमकं हेच खटकलं असणार. बँडची दिशा पटत नाही म्हणून तो 2005 मध्ये बाहेर पडला आणि त्याच वर्षी 'सॅव्हेज सर्कस' या बँडमधून अल्बम आणला. तो ऐका, डोळे मिटून 1992 चा ब्लाइंड गार्डियन वाटतो. छान आहे. पण दुसऱ्यांदा लावावासा वाटला नाही... कारण मूळ माझ्याकडे आहेच की!

इकडे फ्रेडरिक एमके ड्रम्सवर आला. 2010 च्या 'अॅट दि एज ऑफ टाइम'मध्ये खराखुरा ऑर्केस्ट्रा, 2015 मध्ये प्राग, बुडापेस्ट आणि बॉस्टनचे कॉयर. आणि 2019 मध्ये तर 'लेगसी ऑफ द डार्क लँड्स'. वीसेक वर्षं शिजत असलेला अल्बम, ज्यात हान्सीचा आवाज आणि ऑर्केस्ट्रा आहे, मेटल बँडच नाही! मी तो एकदा पूर्ण ऐकला, प्रामाणिकपणे. परत हात लावला नाही.

पण ते एकदाचं पोटातून बाहेर पडलं म्हणूनच की काय, 2022 चा 'द गॉड मशीन' पुन्हा गिटारचा, दात-ओठ खाऊन वाजवलेला अल्बम आहे. थर आहेत, पण ते ड्रम्सच्या अंगावर बसत नाहीत. हे थोमेन असताना झालं असतं तर?

2024 मध्ये त्यांनी 'समव्हेअर फार बियाँड' पुन्हा नव्याने रेकॉर्ड केला, अर्थात एमकेच्या ड्रम्सवर. काल रात्री दोन्ही एकामागोमाग ऐकले. नवा स्वच्छ आहे, प्रत्येक वाद्य वेगळं कळतं. बाकीच्या तिघांच्या बाजूने एवढं सगळं लिहून झाल्यावर मी झोपताना मात्र 1992 वालाच लावला.